तीन मिनिटं

ग्लासगोतल्या त्या हॉटेलात
माझ्या एकटीसाठी सात उशा होत्या.
बुकिंग कंपनीचं. मी आलेले व्हॉल्व्हच्या भांडणासाठी:
गळती कुणाच्या खात्यावर टाकायची, एवढाच प्रश्न,
आणि त्यावर दोन दिवस मीटिंगा.

इमारत जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची.
खोलीच्या दारावर पितळी पाटी:
इथे रात्रपाळीच्या बायका
आळीपाळीने वीस मिनिटं पाठ टेकत.
वीस मिनिटांचं आजचं भाडं किती पडतं
हा हिशेब करायचा नाही असं ठरवलं,
आणि केला.

उशाशी काळा फोन, जड, चकतीचा.
उचलून कानाला लावला, तर आत
शंखात असते तेवढीही घरघर नाही.
बुडाला बारीक अक्षरात: शोभेसाठी.

रात्री एकला झोप नाहीच, म्हणून खाली आले.
बारमागे भिंतभर स्विचबोर्ड,
भोकांची रांग, दोऱ्यांचा गुंता,
वरून पिवळा उजेड, मधून जिनच्या बाटल्या.
मिरजेत साडेसहा वाजले असणार.
आईला लावला.

व्हिडिओ कॉल असला तरी आई फोन कानालाच लावते.
मला दिसतो तिचा कान,
कुडीचा मोती, एक पांढरी बट.
"आई, कान नको. डोळे."
मग डोळे आले, चष्मा आला,
आणि मी फोन भिंतीकडे वळवला.

बराच वेळ काही नाही. मग:
"हे कुणी लावलंय?"
"शोभेचं आहे गं."
"शोभा कसली! मागची दोरी बोलावणाऱ्याची,
पुढची ज्याला बोलवायचं त्याची.
इथे एकाची मागची नि दुसऱ्याची पुढची.
सहा माणसं हॅलो हॅलो करत बसलीत
आणि पलीकडे कुणी नाही."

कॅलम ग्लास पुसत होता. बावीसेक वर्षांचा,
मनगटावर गोंदलेला खंड्या.
मी सांगितलं: आई बावीस वर्षं
मिरज ट्रंक एक्स्चेंजला होती, ती म्हणते चुकलंय.
त्याने फडकं खांद्यावर टाकलं,
बाटल्या बाजूला केल्या, दोरीला हात घातला.
"थांब म्हणावं त्याला!
ओढायच्या आधी विचारायचं असतं,
बोलणं झालं का?"

मी भाषांतर केलं.
कॅलम भिंतीकडे वाकला
आणि हळू आवाजात, अगदी अदबीने,
विचारलं.

मग एकेक करत सहाही जोड्या.
आई सांगते, मी सांगते, तो खोचतो.
खट्. खट्.
शेवटची लागली तेव्हा ती म्हणाली,
"ऐक. आता सांगायला हरकत नाही."

एवढ्या वर्षांत एक शब्द तिने घरी आणला नव्हता.
शपथ घेतलेली: ऐकलेलं कानाबाहेर जाऊ द्यायचं नाही.
शेजारच्या सोयरिकी मोडलेल्या तिला आधी कळायच्या,
आणि तरी ती लग्नाचं आमंत्रण घ्यायची, हसून.

"विट्याचा एक गलाईवाला, कोइमतूरला दुकान.
इकडे बायको पोस्टात येऊन तीन तास बसलेली.
लाइन लागली, आणि दोघं गप्प.
आधी वाटलं, लाइन मेली.
मग श्वास ऐकू आला. दोन्हीकडचा.
मी अकरा मिनिटं तोडलं नाही.
तिकिटावर तीन लिहिली."

"काही बोलले नाहीत?"
"शेवटी ती म्हणाली, शेळी व्याली."

यावर काय म्हणावं सुचेना.
तिलाही सुचलं नसावं. पडद्यावर पुन्हा कान आला.
मी त्या कानाकडे बघत राहिले,
कॅलमही, फडकं हातात धरून.
मला वाटलं, आता आपलीही अकरा होणार.

"दूध गॅसवर आहे," आई म्हणाली,
आणि न विचारता दोरी ओढली.

वर आले. सहा उशा खुर्चीवर रचल्या,
एक ठेवली.
वीस मिनिटांचा गजर लावला, उगीच,
आणि तो वाजला तेव्हा
बंद करून कूस बदलली.